तांबड्या केसांचे फादर



एखाद्या कार्यालयात फोन लावला आणि पलीकडून थांबायला सांगितले, की पुष्कळदा कानावर व्हायोलिनची एक आनंदी धून पडते. लग्नाच्या व्हिडिओत आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतही ती ऐकू येते. धून ओळखीची असते, पण ती कोणी रचली हे आपल्याला ठाऊक नसते. 'वसंत ऋतू' नावाच्या रचनेची ती सुरुवात आहे आणि ती रचणारे होते एक कॅथलिक धर्मगुरू, इटलीतील व्हेनिस शहराचे फादर आंतोनियो विवाल्डी.

त्यांचे केस तांबडे होते. म्हणून व्हेनिसचे लोक त्यांना तांबडे फादर म्हणत. ते आपल्या काळातले नामवंत व्हायोलिनवादक होते. संगीतकार म्हणून युरोपभर त्यांचे नाव झाले आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जग त्यांना विसरूनही गेले. आज जुन्या काळचे युरोपीय संगीत वाजवणारा एकही व्हायोलिनवादक त्यांना ओलांडून पुढे जाऊ शकत नाही.

आपल्या रिसोडपासून व्हेनिस हजारो किलोमीटर दूर. ते समुद्राच्या खाडीत वसलेले शहर, जिथे रस्त्यांच्या जागी कालवे आणि गाड्यांच्या जागी होड्या. तरीही मिस्साच्या गीतांना पेटीचा सूर नीट लागावा, मुलांनी ताल सोडू नये, म्हणून ज्याने कधी मुलांचा सराव घेतला आहे, त्याला हे चरित्र परके वाटणार नाही. कारण फादर विवाल्डी यांच्या आयुष्याचा मोठा भाग मुलांना शिकवण्यात गेला, आणि तीही ज्यांना आईबाप नव्हते अशा मुलांना.

सुईणीच्या हातचा बाप्तिस्मा

आंतोनियोचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी झाला. बाळ इतके अशक्त होते, की ते जगेल याची खात्री नव्हती. चर्चमध्ये नेईपर्यंत थांबणे धोक्याचे वाटले, म्हणून सुईणीनेच घरी त्याला बाप्तिस्मा दिला. मार्गारिता वेरोनेसे हे तिचे नाव चर्चच्या नोंदवहीत आजही वाचता येते. जीव धोक्यात असेल तर कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपण जाणतो. पुढे ६ मे रोजी, बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर, घराजवळच्या चर्चमध्ये राहिलेला विधी पूर्ण झाला.

वडील जोव्हान्नी बात्तिस्ता हे मूळचे ब्रेशिया गावचे. सुरुवातीला ते न्हाव्याचा धंदा करत. हजामत करता करता ते व्हायोलिनकडे वळले आणि इतके तयार झाले, की १६८५ साली व्हेनिसच्या प्रसिद्ध सेंट मार्क मंदिराच्या वाद्यवृंदात त्यांना नोकरी मिळाली. आंतोनियो हा त्यांचा थोरला मुलगा. व्हायोलिनचे पहिले धडे त्याने वडिलांकडूनच घेतले. आपल्याकडे घराण्यात बापाची विद्या मुलाकडे येते, तसेच हे होते. १६९६ च्या नाताळात सेंट मार्कच्या वाद्यवृंदात जादा वादक घेतले, तेव्हा अठरा वर्षांचा आंतोनियोही त्यांत होता.

दरम्यान घरच्यांनी मुलाला धर्मगुरू करायचे ठरवले होते. त्या काळी गरीब घरातील हुशार मुलाला शिक्षण आणि मान मिळण्याचा हा एक मार्ग होता. हे पाऊल त्याने कितपत स्वतःच्या ओढीने उचलले आणि कितपत घरच्या इच्छेने, हे आज कोणी सांगू शकणार नाही. १६९३ साली, पंधराव्या वर्षी, तो त्या वाटेवर लागला. त्याने सेमिनरीत राहून अभ्यास केला नाही. घरी राहून, धर्मग्रामातील धर्मगुरूंच्या हाताखाली तो शिकला. त्यामुळे व्हायोलिनही सुटले नाही. २३ मार्च १७०३ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

वेदीपासून दूर

नवे फादर मिस्सा अर्पण करू लागले, पण वर्ष-दीड वर्षातच ते थांबले. जन्मापासून त्यांच्या छातीत आवळल्यासारखे होई. बहुधा तो दम्याचा विकार असावा. दूर चालवत नसे, म्हणून ते बहुतेक वेळ होडीने किंवा गाडीनेच जात. पुढे एका पत्रात त्यांनी लिहिले, की या दुखण्यामुळे तीन वेळा मिस्सा अर्धवट टाकून वेदीवरून उतरावे लागले आणि म्हणून आपण मिस्सा अर्पण करणे सोडले.

यावर लोक काय काय बोलले! मिस्सा चालू असताना डोक्यात एखादी चाल आली, की ती लिहून काढायला ते साक्रिस्तीत पळत, अशी एक कथा नंतर पसरली. ती मजेदार आहे, पण तिला आधार नाही. काहींनी असेही म्हटले, की ज्याला छाती भरून येते म्हणून मिस्सा जमत नाही, तो देशोदेशी नाटकशाळा करत कसा फिरतो? हा प्रश्न मात्र अगदीच चुकीचा नव्हता. फादर विवाल्डी संत नव्हते. ते पैशाच्या व्यवहारात कडक, स्वतःच्या कामाचा अभिमान बाळगणारे आणि काहीसे बढाईखोर होते. परंतु त्यांनी धर्मगुरूपण सोडले नाही, आणि रोजच्या प्रार्थनेचे पुस्तक हातात घेतलेले त्यांना पाहिल्याची आठवण एका नाटककाराने लिहून ठेवली आहे.

मिस्सा बंद झाल्यावर त्यांचे आयुष्य कशाच्या आधारावर उभे राहिले? त्याचे उत्तर एका अनाथाश्रमात आहे.

भिंतीतील झरोका

व्हेनिसमध्ये चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या. त्यांतील एक 'पिएता', म्हणजे करुणा. १३४६ साली एका फ्रान्सिस्कन बंधूंनी ती सुरू केली होती. आईबापांनी टाकून दिलेल्या बाळांना तेथे आश्रय मिळे. इमारतीच्या भिंतीत एक झरोका होता. त्यातून बाळ आत सरकवायचे आणि निघून जायचे. ठेवणाऱ्याला कोणी काही विचारत नसे. कोणी आई बाळासोबत पदकाचा अर्धा तुकडा ठेवी आणि दुसरा अर्धा स्वतःकडे ठेवी, कधीतरी परत नेता यावे म्हणून. बहुतेक तुकडे तसेच अर्धे राहिले.

आपल्या महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, हे आपण शाळेत शिकलो. अशा झरोक्याची गरज समाजाला का पडते आणि तो उघडा ठेवायला काय धैर्य लागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पिएतामधील मुलगे मोठे झाले, की हातचे कसब शिकून बाहेर पडत. मुली राहत. बहुतेकींना शिवणकाम, विणकाम, स्वयंपाक ही कामे मिळत. ज्यांना गळा किंवा हात होता, त्यांना संगीत शिकवले जाई. या मुली चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गात आणि वाजवत. त्या वरच्या सज्जात, लोखंडी जाळीच्या आड बसत. खाली बसलेल्यांना त्यांचे चेहरे नीट दिसत नसत, केवळ सूर ऐकू येत. ते ऐकायला राजेमहाराजे व्हेनिसला येत आणि त्यांच्या देणग्यांवर आश्रम चालत असे.

सप्टेंबर १७०३ मध्ये, गुरुदीक्षेला सहा महिने झाले असताना, फादर विवाल्डी या आश्रमात व्हायोलिनचे शिक्षक म्हणून लागले. पगार वर्षाला ६० डुकाट होता, तो पुढच्या वर्षी १०० झाला. शिकवणे, वाद्ये आणि तारा विकत आणणे, त्यांची देखभाल करणे, शिवाय नवे संगीत लिहिणे, असे त्यांचे काम होते.

शिक्षकाची नोकरी

या नोकरीत कायमपणा नव्हता. आश्रमाचे विश्वस्त दरवर्षी मतदान करून शिक्षकाला ठेवायचे की नाही ते ठरवत. १७०९ साली फादर विवाल्डींच्या विरोधात ७ आणि बाजूने ६ मते पडली. एका मताने नोकरी गेली! मुली वाजवायला इतक्या तयार झाल्या होत्या, की आता वेगळा शिक्षक कशाला, असा विश्वस्तांचा विचार असावा. म्हणजे ज्या शिक्षकाने काम चांगले केले, त्यालाच त्या चांगल्या कामामुळे घरी बसावे लागले. पण १७११ साली त्याच विश्वस्तांनी त्यांना एकमताने परत बोलावले.

या मुलींना आडनाव नव्हते. वाद्यच त्यांचे आडनाव झाले होते. त्यांच्यातील सर्वांत नावाजलेली आन्ना मारिया. ती 'व्हायोलिनची आन्ना मारिया' म्हणूनच नोंदलेली आहे. ती झरोक्यातून आलेले बाळ. फादर विवाल्डींच्या हाताखाली ती अशी तयार झाली, की युरोपातील प्रवाशांनी तिच्याविषयी लिहून ठेवले. फादरांनी वीसहून अधिक रचना खास तिच्यासाठी केल्या. पुढे ती स्वतः आश्रमात शिक्षिका झाली, धाकट्या मुलींना शिकवू लागली आणि १७८२ साली, आपल्या गुरूनंतर एकेचाळीस वर्षांनी, तेथेच वारली.

फादर विवाल्डींची कला ज्या रूपात जगभर गेली, त्याला कॉन्चेर्तो म्हणतात. आपल्याकडील सवाल-जवाब आठवला, की ते समजणे सोपे जाते. सगळा वाद्यवृंद मिळून एक ठसठशीत चाल वाजवतो. मग एकटा व्हायोलिनवादक पुढे येतो आणि आपले कसब दाखवतो. पुन्हा वृंद मूळ चाल घेऊन परततो, पुन्हा एकटा निघतो. जलद, संथ आणि परत जलद असे तीन भाग. ही बांधणी फादर विवाल्डींनी इतकी पक्की केली, की पुढे सारा युरोप तिच्यावर चालला. त्यांचे पाचशेच्या आसपास कॉन्चेर्तो आज उपलब्ध आहेत, त्यांतील दोनशेहून अधिक एकट्या व्हायोलिनसाठी.

ही बांधणी त्यांना अनाथाश्रमात सापडली, असे म्हटले तर चूक होणार नाही. तेथे प्रत्येक मुलीची तयारी वेगळी. नवशिक्या मुलींनी मिळून सोपी चाल वाजवायची आणि तयार मुलीने पुढे यायचे. व्हायोलिनच नव्हे, तर बासरी, बासून, चेलो, मँडोलिन, जी मुलगी जे वाजवी त्यासाठी त्यांनी लिहिले. वर्गात बसलेल्या मुलींकडे पाहून संगीत लिहिणारा हा शिक्षक होता.

ते स्वतः कसे वाजवत? १७१५ साली एका जर्मन प्रवाशाने त्यांना नाटकगृहात ऐकले आणि आपल्या रोजनिशीत नोंद केली. त्यांची बोटे पट्टीवर इतकी वर सरकली, की घोडी आणि बोट यांच्यामध्ये गवताच्या काडीइतकेच अंतर उरले, गजाला जागाच राहिली नाही. हे पाहून तो प्रवासी घाबरलाच. असे वादन पूर्वी कोणी केले नाही आणि पुढेही कोणाला जमणार नाही, असे त्याला वाटले.

युरोपभर नाव

१७११ साली हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरी त्यांच्या बारा कॉन्चेर्तोंचे पुस्तक छापले गेले आणि ते हातोहात युरोपभर पसरले. जर्मनीत योहान सेबास्टियन बाख नावाच्या तरुण ऑर्गनवादकाच्या हाती ते पडले. बाख हे प्रॉटेस्टंट पंथाचे, फादर विवाल्डी कॅथलिक धर्मगुरू. दोघांची कधी भेट झाली नाही. परंतु बाख यांनी फादरांचे अनेक कॉन्चेर्तो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड या वाद्यांसाठी स्वतः उतरवून काढले आणि त्यातून बांधणीचे तंत्र आत्मसात केले.

१७१३ साली आश्रमाचे मुख्य संगीतकार रजेवर गेले ते परतलेच नाहीत. मग उपासनेचे संगीत लिहिण्याचे काम फादर विवाल्डींकडे आले. या काळात त्यांनी मिस्साचे भाग, स्तोत्रे, पवित्र मरियेचे स्तुतिगीत अशा पुष्कळ रचना केल्या. 'ग्लोरिया' हे आपण मिस्सामध्ये म्हणतो ते महिमागान. त्यांनी त्याला दिलेले संगीत आज जगातील असंख्य चर्चमध्ये नाताळाच्या सुमारास गायले जाते. ज्यांना मिस्सा अर्पण करता येत नव्हती, त्यांचे संगीत आज मिस्साच्याच शब्दांवर सर्वांत जास्त ऐकले जाते.

१७१६ साली त्यांनी आपल्या पवित्र शास्त्रातील युदिथच्या कथेवर एक मोठी रचना केली. परक्या सेनापतीच्या वेढ्यातून आपले गाव सोडवणारी ती विधवा स्त्री. त्याच वर्षी तुर्कांच्या वेढ्यातून कॉर्फू बेट वाचले होते, त्या विजयाचा हा उत्सव होता. यातील सगळी पात्रे, अगदी तो सेनापतीसुद्धा, आश्रमाच्या मुलींनीच गायिली. ज्यांना जगाने दाराबाहेर ठेवले, त्या मुलींनी शहराच्या वतीने उपकारस्तुती गायिली.

१७२५ साली छापल्या गेलेल्या बारा कॉन्चेर्तोंमध्ये पहिले चार होते 'चार ऋतू'. वसंतात पक्षी किलबिलतात, गुराखी झोपलेला असतो आणि त्याचा कुत्रा भुंकतो. उन्हाळ्यात माणसे आणि गुरे उकाड्याने गळून जातात, मग ढग गडगडतात आणि गारपिटीने उभे पीक झोडपले जाते. शरदात सुगीचा आनंद आणि शिकार. हिवाळ्यात दात कडकडतात आणि कोणी शेकोटीजवळ बसून बाहेरचा पाऊस ऐकतो. हे सगळे केवळ व्हायोलिनच्या वृंदातून. आपण वऱ्हाडातील माणसे. मे महिन्याची तलखी आणि मग अचानक सुटणारे वादळ, हाताशी आलेल्या पिकावर पडणाऱ्या गारा, हे आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. कधी सवड मिळाली तर 'उन्हाळा' जरूर ऐका. तो शेतकऱ्याचे काळीज ओळखून लिहिलेला आहे.

उतरती कळा

फादर विवाल्डी ऑपेरा, म्हणजे संगीत नाटके, लिहू लागले होते. स्वतः नाटकगृहांचे व्यवहारही पाहत. मांतुआ, रोम, मिलान असा प्रवास होई. रोममध्ये परमगुरुस्वामींपुढे वाजवण्याचा मान मिळाल्याचे त्यांनी अभिमानाने लिहिले आहे. सम्राट सहावे चार्ल्स यांनीही त्यांचा आदर केला. प्रवासात असतानाही आश्रमाचे नाते सुटले नाही. १७२३ साली विश्वस्तांनी करार केला, की दरमहा दोन नवे कॉन्चेर्तो पाठवायचे. १७२९ पर्यंत अशा सुमारे १४० रचनांचे पैसे आश्रमाने दिल्याची नोंद आहे.

त्यांच्या नाटकांत आन्ना जिरो नावाची एक गायिका असे. ती त्यांची शिष्या. ती आणि तिची मोठी बहीण फादरांसोबत प्रवास करत. त्यावरून लोक कुजबुजत. फादरांनी हे आरोप ठामपणे नाकारले. पण १७३७ साली फेरारा शहरात त्यांचे नाटक व्हायचे होते, तेव्हा तेथील महागुरुस्वामी कार्डिनल रुफो यांनी त्यांना शहरात येण्यास मनाई केली. कारणे दोन: हे फादर मिस्सा अर्पण करत नाहीत आणि एका गायिकेशी त्यांची मैत्री आहे. करार झालेले होते, पैसे अडकले होते. नुकसान मोठे झाले. आदल्या वर्षीच वडील वारले होते. छातीच्या दुखण्याचे ते पत्र त्यांनी याच प्रसंगी लिहिले. महागुरुस्वामींचे म्हणणे धर्मगुरूच्या शिस्तीला धरून होते आणि फादरांचे दुखणेही खरे होते. दोन्ही बाजू पाहिल्या, म्हणजे माणसाबद्दल घाईने निकाल देऊ नये असे वाटते.

तोपर्यंत लोकांची आवडही बदलली होती. नेपल्सकडील नवी गाणी चालू लागली. व्हेनिसला आता तांबड्या फादरांचा कंटाळा आला होता. १७४० साली त्यांनी आपल्या कित्येक रचना अल्प किमतीत आश्रमाला विकल्या आणि सम्राटांच्या आश्रयाच्या आशेने ते व्हिएन्ना शहरी गेले. पण त्याच वर्षी २० ऑक्टोबरला सम्राट चार्ल्स मरण पावले. दुखवट्यात नाटकगृहे बंद झाली. आधार गेला.

२८ जुलै १७४१ रोजी, खोगीर बनवणाऱ्या एका कारागिराच्या विधवेच्या घरी भाड्याने राहत असताना, फादर विवाल्डींचा मृत्यू झाला. वय ६३. त्याच दिवशी साध्या विधीने, गरिबांच्या रुग्णालयाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. ती दफनभूमी आज नाही, त्यामुळे कबरही नाही. एके काळी भरपूर कमावलेला माणूस निर्धन मेला, अशी नोंद व्हेनिसमध्ये कोणीतरी करून ठेवली.

बाडांचा शोध

फादरांची स्वतःच्या हस्ताक्षरातील बाडे मागे राहिली. ती एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जात अठराव्या शतकात दुराझ्झो नावाच्या सरदार घराण्यात आली आणि पुढे वाटणीत दोन ठिकाणी गेली. एक हिस्सा, शेवटच्या मालकाच्या मृत्युपत्राने, इटलीतील बोर्गो सान मार्तिनो गावी सलेशियन फादरांच्या शाळेत येऊन पडला.

१९२६ साली शाळेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. पैसे हवे होते. जुनी बाडे विकून काही मिळेल का, असा विचार करून फादरांनी तुरिन शहराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे विचारणा केली. ग्रंथालयाने प्राध्यापक आल्बेर्तो जेंतिली यांना बाडे पाहायला दिली. त्यांनी पेट्या उघडल्या आणि ते थक्क झाले. १४ खंड फादर विवाल्डींचे होते आणि त्यातले बहुतेक संगीत दोनशे वर्षांत कोणी ऐकले नव्हते.

ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ नावाचे एक धनिक पुढे आले. त्यांचा मावरो नावाचा लहानगा मुलगा वारला होता. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी हा संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. प्राध्यापकांच्या लक्षात आले, की खंडांचे क्रमांक मध्येच तुटतात, म्हणजे दुसरा हिस्सा कुठेतरी असणार. तो जेनोआ शहरी त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत सापडला. मोठ्या मिनतवारीने मालक तयार झाला, पण पुन्हा पैशाचा प्रश्न आला. या वेळी कापडाचे कारखानदार फिलिप्पो जोर्दानो पुढे आले. योगायोग असा, की त्यांचाही रेंझो नावाचा लहान मुलगा वारला होता. १९३० साली दोन्ही हिस्से एकत्र आले. आज तुरिनच्या ग्रंथालयात हे संग्रह मावरो फोआ आणि रेंझो जोर्दानो या दोन बालकांच्या नावांनी ओळखले जातात. त्यांत चारशेहून अधिक रचना आहेत.

ज्यांना आईबाप नव्हते अशा मुलांसाठी लिहिलेले संगीत, ज्यांना आपली मुले उरली नाहीत अशा दोन बापांनी वाचवले. माणसाने ठरवून अशी जुळणी केली नसती.

प्राध्यापक जेंतिली आणि फोआ हे दोघेही ज्यू होते. १९३८ साली इटलीत ज्यूविरोधी कायदे आले आणि जेंतिलींना आपले पद गमवावे लागले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९३९ मध्ये, सिएना शहरात विवाल्डी सप्ताह साजरा होऊन 'ग्लोरिया' पुन्हा गायिला गेला, तेव्हा त्या सोहळ्यात शोध लावणाऱ्याला स्थान नव्हते. त्यांचे ऋण आपण तरी विसरू नये.

तातेचे सूर

महायुद्धानंतर ही बाडे क्रमाने छापली गेली. १९७० च्या दशकापासून काही व्हायोलिनवादकांनी आणखी एक पाऊल टाकले. फादरांच्या काळी व्हायोलिनला धातूच्या तारांऐवजी मेंढीच्या आतड्याची तात असे, गज हलका आणि वेगळ्या बाकाचा असे, सूरही थोडा उतरवून लावत. त्यांनी तशीच वाद्ये घेतली, जुनी पुस्तके वाचून वाजवण्याची जुनी रीत शिकून घेतली. जुन्या संगीताचे वादक म्हणून आज ज्यांची ओळख आहे, त्यांची ही वाट. तातेचा आवाज मोठा नसतो, पण माणसाच्या गळ्याच्या जवळचा असतो. धूळ पुसल्यावर जुने चित्र उजळावे, तसे ते संगीत ताजे ऐकू येऊ लागले.

व्हायोलिन आपल्यालाही परके नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना गाणे आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शाळांतून तयार झालेल्या पिढ्यांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. आपल्या मराठी मुलखात गजाननबुवा जोशी यांनी याच वाद्यातून ख्यालगायकी वाजवून दाखवली. वाद्य परदेशातून आले, पण शिकवणारा आणि शिकणारा भेटला की ते आपले झाले.

फादर विवाल्डींच्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले, तर यश आणि अपयश दोन्ही दिसतात. वेदीवरील सेवा त्यांच्याकडून निसटली. नाटकांचा पैसा आला तसा गेला. राजांची मर्जी संपली. कबरसुद्धा राहिली नाही. टिकले ते बहुतांशी त्यांनी जाळीआडच्या मुलींसाठी लिहिलेले काम. वर्गात रोज उठून केलेले, दरवर्षी मतदानाला टांगलेले, शंभर डुकाटांचे काम.

आपल्यापैकी कोणी आजारपणामुळे, कोणी परिस्थितीमुळे, जी सेवा करायची होती ती करू शकत नाही. ती सल मोठी असते. परंतु आपल्या हाती जे कसब आहे, ते एखाद्या मुलाला शिकवायला कोणाची ना नाही. घरात पेटी पडून असेल तर ती पुसा. शेजारच्या मुलाला सा लावायला शिकवा. त्याचे फळ आपण पाहू की नाही, हे आपल्या हाती नाही. फादर विवाल्डींनीही ते पाहिले नाही.